गिरिक बाद, मग जमीन कोणाची? जावातल्या वाडीतली मालकी आणि राखण

२०२५ साली इंडोनेशियात मोबाइलवरून एक बातमी गावोगाव फिरली. जमिनीचा जुना कागद आहे पण नवं प्रमाणपत्र नाही, अशा सगळ्यांची जमीन २०२६ मध्ये सरकारजमा होणार, असं त्यात म्हटलं होतं. जमीन खात्याने ते नाकारलं, पण नुसतं नाकारून भागत नाही. त्या अफवेच्या पोटात एक खरा नियम होता. ‘गिरिक’ नावाच्या त्या जुन्या कागदाला मालकीचा पुरावा म्हणून असलेली मुदत २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची, असं २०२१ च्या सरकारी नियमावलीत लिहिलेलं आहे.

ज्या माणसाच्या आज्याने तिथे भात लावला, बापाने घर बांधलं आणि जो स्वतः दरवर्षी कर भरतो, त्याला साहजिक प्रश्न पडतो: कागद बाद झाला तर जमीन माझी आहे हे कशाच्या जोरावर सांगू? कायद्यातलं उत्तर शोधत गेलं की शेवटी एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं. तो माणूस म्हणजे शेजारी. आणि रात्री त्या घराची राखण करणाराही तोच. म्हणून मालकी आणि सुरक्षितता या दोन गोष्टी इथे एकत्र समजून घेऊ.

आधी वाडी कशी असते

मध्य जावात भातखाचरांच्या सपाट पसाऱ्यात मधेच झाडांचं एक बेट दिसतं. नारळ, केळी, फणस, बांबू. जवळ गेलं की त्या झाडीत कौलारू घरं दिसू लागतात. ही ‘दुसुन’, म्हणजे वाडी. अशा काही वाड्या मिळून ‘देसा’ होतं. हा शब्द संस्कृत ‘देश’ वरूनच तिकडे गेला. देशात अशी सुमारे ७५ हजार गावं आहेत. घराभोवतीच्या परसाला ‘पकारांगान’ म्हणतात आणि भाताच्या खाचराला ‘सावाह’. कुटुंबाची मालमत्ता म्हणजे मुख्यतः हीच दोन.

वाडीच्या खाली आणखी एक पायरी आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. साधारण ३० ते ५० घरांचा एक गट, ‘रुकुन तेतांग्गा’, म्हणजे शेजाऱ्यांची एकी. बोलताना सगळे आद्याक्षरांवरून ‘एर-ते’ म्हणतात. त्याचा प्रमुख ‘पाक एर-ते’. तो तिथल्याच लोकांनी निवडलेला असतो, मानधन असलंच तर नावापुरतं. ही रचना मुळात दुसऱ्या महायुद्धात जावाचा ताबा घेतलेल्या जपानी लष्कराने १९४४ मध्ये घातली, रेशन वाटायला आणि लोकांवर नजर ठेवायला. जपानी गेले, स्वातंत्र्य आलं, नाव बदललं, पण गट राहिले. लग्न, मयत, पाहुणा, भांडण, चोरी, जमिनीची हद्द, काहीही असो, पहिली हाक पाक एर-तेलाच जाते.

गिरिक म्हणजे नेमकं काय

आपला सातबारा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे गिरिक लवकर कळेल. गिरिक हा मुळात कराचा कागद. गावच्या कचेरीत एक जाड नोंदवही असते, तिला ‘लेटर से’ म्हणतात. कोणाच्या नावावर कोणता तुकडा, तो भातखाचर आहे की कोरडी जमीन, प्रत किती, क्षेत्र किती, कर किती, एवढं तिच्यात असतं. त्या वहीतल्या नोंदीचा जो उतारा जमीन कसणाऱ्याच्या हातात असतो तो गिरिक. पूर्व जावात त्यालाच ‘पेतोक दे’ म्हणतात, पश्चिम जावात ‘किकितिर’, बालीत ‘पिपिल’. नावं वेगळी, जात एकच.

हे साम्य योगायोगाचं नाही. १८११ ते १८१६ या काळात जावावर इंग्रजांचा अंमल होता. तिथला इंग्रज गव्हर्नर स्टॅमफर्ड रॅफल्स याने जमीन महसुलाची जी पद्धत घातली, तिच्यामागे हिंदुस्थानातल्या रयतवारीचा अनुभव होता. जमीनधारणेची चौकशी करायला नेमलेल्या मंडळाचा प्रमुख कॉलिन मॅकेन्झी हा मद्रासकडून गेलेला मोजणी अधिकारी होता आणि पुढे तोच हिंदुस्थानचा सर्व्हेयर जनरल झाला. रॅफल्सनंतर आलेल्या डचांनी महसूल वसुली चालू ठेवली. त्यामुळे गिरिक आणि सातबारा एकाच घराण्यातले म्हणायला हरकत नाही: दोघांचाही जन्म ‘कर कोण भरणार’ या प्रश्नातून झाला, ‘मालक कोण’ या प्रश्नातून नाही.

फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. महाराष्ट्रात सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानावी असं महसूल कायदाच सांगतो, आणि त्यामागे गटाचा नकाशा असतो. गिरिकमागे बहुधा नकाशाच नसतो. अमुक वर्गाची जमीन, अमुक क्षेत्र, एवढंच. ती जमीन नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे कागदावर कुठेही नाही. चतुःसीमा लोकांच्या डोक्यात. ‘पूर्वेला अमक्याचं खाचर, पश्चिमेला पाट, उत्तरेला फणस.’

त्यामुळे दोन गोष्टी बिघडतात. एक, नोंद आज्याच्या नावावरच राहून जाते. जमीन तीन मुलांत वाटली जाते, त्यातला एक आपला तुकडा भावकीत विकतो, व्यवहार साध्या पावतीवर मुद्रांक चिकटवून होतो आणि वहीत मात्र आजाच जिवंत असतो. दोन, वही गावच्या कपाटात असल्यामुळे तिच्यावर ज्याचा हात, त्याच्या प्रामाणिकपणावर सगळं उभं राहतं. एकाच तुकड्याचे दोन कागद निघाले, एकच जमीन दोघांना विकली गेली, अशा भांडणांनी तिथली न्यायालयं भरलेली आहेत.

मग नियमाने बदललं काय

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा २४ सप्टेंबर १९६० चा. त्याने मालकीचा सर्वांत भक्कम प्रकार ठरवला, ‘हाक मिलिक’. शब्द कानाला ओळखीचा वाटेल: हाक म्हणजे आपला हक्क, आणि मिलिक ज्या अरबी धातूतून आला त्यातूनच आपली मालकी आली. हा हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. राष्ट्रीय भूमी कार्यालय, म्हणजे ‘बे-पे-एन’, जमीन मोजून त्याचं प्रमाणपत्र देतं.

२०२१ च्या नियमावलीने जुने कागद असलेल्यांना नोंदणीसाठी ५ वर्षं दिली. ती मुदत संपल्यावर गिरिक ‘पुरावा’ राहत नाही, ‘सूचक’ राहते. पुरावा आणि सूचक यांतला फरक असा: पुरावा दाखवला की समोरच्याला तो खोडून काढावा लागतो. सूचक दाखवलं की अधिकारी म्हणतो, ठीक, जमीन तुमची असावी असं दिसतंय, आता बाकीचं आणा.

त्या ‘बाकीच्या’त सगळा जीव आहे. बाकीचं म्हणजे वहिवाट. जमीन प्रत्यक्ष कोण कसतंय, कोण राहतंय. ज्याच्याकडे कागद अपुरा आहे किंवा अजिबात नाही, त्याने आणि त्याच्या आधीच्यांनी सलग २० वर्षं चांगल्या हेतूने, उघडपणे, कोणाच्या हरकतीशिवाय जमीन वापरली असेल, तर त्या आधारावर नोंदणी होऊ शकते. तसं लेखी निवेदन द्यावं लागतं आणि त्यावर विश्वासू माणसांची साक्ष लागते. इंडोनेशियन भाषेत साक्षीदाराला म्हणतात ‘साक्सी’. हा आपलाच शब्द, संस्कृतातून गेलेला.

म्हणजे मुदत संपली म्हणून जमीन सरकारची होत नाही. आज वहिवाट करणाऱ्याचा हक्क उरतोच, तो सिद्ध करणं मात्र जड होतं. शेजारी हयात आहेत तोवर ते जमतं. ज्यांना सगळं आठवतं ती म्हातारी माणसं गेली की जमणार नाही. म्हणूनच, अफवा खोटी असली तरी घाई करावी असंच माझं मत आहे.

खुंट, दोरी आणि चार सह्या

१९६१ पासून चालत आलेली एकेकट्याची नोंदणी इतकी संथ होती की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो भाषणांत एक हिशोब मांडायचे: देशात १२ कोटी ६० लाख भूखंड, २०१५ पर्यंत प्रमाणपत्रं ४ कोटी ६० लाखांना. वर्षाला ५ लाखांच्या गतीने उरलेल्यांना १६० वर्षं लागतील. म्हणून अख्खं गाव एकदम मोजण्याची मोहीम सुरू झाली. तिचं आद्याक्षरी नाव ‘पे-ते-एस-एल’. आपल्याकडच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने सगळं गावठाण एकदम मोजतात, कल्पना तीच.

मोजणीवाला येण्याआधी मालकाने खुंट रोवायचे असतात, आणि इथेच निम्मं काम बिघडतं किंवा साधतं. नियम अगदी नेमका आहे. लोखंडी पाइप किंवा आत काँक्रीट भरलेला पीव्हीसी पाइप, लांबी किमान १०० सेंटिमीटर, जाडी किमान ५ सेंटिमीटर. त्यातले ८० सेंटिमीटर जमिनीत, २० वर, आणि वरचा भाग लाल रंगवलेला. एवढं खोल कशासाठी, असं वाटेल. भाताच्या खाचरात वरची माती सदा चिखल असते. नांगरट, चिखलणी, छोटा ट्रॅक्टर यांनी वीतभर रोवलेला खुंट कलतो, आणि कललेला खुंट दोन हंगामांत हातभर सरकतो. ८० सेंटिमीटर खोल गेलेला पाइप सहजासहजी कोणाला उपटताही येत नाही.

त्याआधी लोक काय वापरत? बांबूची काठी, ती पावसाळ्यात कुजते. ‘हांजुआंग’ नावाचं लाल-तांबड्या लांब पानांचं झुडूप, ते चिवट आहे, कुठेही रुजतं, आणि हद्दीला तेच लावायची जुनी चाल आहे. पण झुडूप फुटवे काढतं. दहा वर्षांनी एका खोडाची तीन झाली की हद्द पहिल्यातून जाते की तिसऱ्यातून, यावर दोन घरांचं बोलणं बंद होतं. भाताचा बांधही असाच. दोघंही दरवर्षी आपापल्या बाजूने कुदळीने थोडा थोडा कोरतात, शेवटी बांधावर पाय ठेवायला जागा उरत नाही. बांध कोरणं काय असतं हे मराठी शेतकऱ्याला सांगायला नको.

खुंट रोवताना चारही बाजूंचे शेजारी हजर हवेत आणि हद्द मान्य असल्याची त्यांची सही हवी. ही अट डच काळापासूनची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत शहाणी अट आहे. उपग्रहावरून जागेचं स्थान सेंटिमीटरपर्यंत सांगता येतं, पण तो खुंट योग्य जागी आहे का हे उपग्रहाला माहीत नसतं. ते त्या चौघांनाच माहीत असतं.

एखादा शेजारी मलेशियात मजुरीला गेलेला असतो, एखादा मुद्दाम येत नाही. मग प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणांवरून तात्पुरती मोजणी होते, तसा शेरा मारला जातो आणि वाद मिटेपर्यंत तो शेरा राहतो. म्हणून अनुभवी गावकामगार आधी परगावी असलेल्यांना फोन करतात, कुलमुखत्यार किंवा भाऊबंद ठरवून घेतात आणि मगच तारीख धरतात. ईदला सगळे गावी येतात, तेव्हाच खुंट रोवून घेणं सर्वांत सोपं.

मोजणी, वहिवाटीचं निवेदन आणि वारसाची कागदपत्रं जमली की यादी आणि नकाशा गावच्या कचेरीत लावतात. सामूहिक मोहिमेत हरकतीला १४ दिवस, एकट्याच्या अर्जात ३०. मुदतीत हरकत आली नाही तर प्रमाणपत्र निघतं. गिरिकवरचं क्षेत्र आणि मोजलेलं क्षेत्र सहसा जुळत नाही. प्रमाणपत्रावर मोजलेलं येतं. लोक यावर चिडतात, ‘माझे पन्नास मीटर गेले’ म्हणतात. बहुतेक वेळा ते गेलेले नसतात, जुना आकडाच कर ठरवताना अंदाजाने टाकलेला असतो.

‘फुकट म्हणता आणि पैसे मागता’

मोजणी आणि प्रमाणपत्राचा खर्च सरकार करतं. पण खुंट, मुद्रांक, झेरॉक्स आणि गावकामगारांची धावपळ यांचा खर्च अर्जदाराचा. तीन मंत्र्यांच्या २०१७ च्या संयुक्त आदेशाने त्याची कमाल मर्यादा ठरवली. जावा आणि बालीत दीड लाख रुपिया, म्हणजे साधारण आठशे भारतीय रुपये. पापुआ, मालुकूसारख्या दूरच्या भागांत साडेचार लाख रुपिया. यापेक्षा जास्त मागणं बेकायदा आहे. वारसाचा वाद सोडवणं, जुना खरेदी व्यवहार कायदेशीर करणं याचा खर्च मात्र या रकमेत येत नाही, आणि तोच खरा मोठा असतो.

‘इतकं सरळ आहे तर लोक का टाळतात’

कारण मोजणीच्या आधी घरातली वाटणी करावी लागते. नोंद आज्याची, आज वारस चौदा. सगळ्यांच्या सह्या हव्यात. जावातल्या जुन्या रिवाजात एक म्हण आहे, ‘सपिकुल सगेन्दोंग’: पुरुष कावडीची दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. पण कितीतरी घरांत सारखे वाटे होतात, आणि आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्याला राहतं घर मिळतं. हे सगळं आजवर बोलण्यावर चाललं. कागदावर आणायचं म्हटलं की दबलेलं सगळं वर येतं.

इथे बायकांकडे विशेष लक्ष द्यायला हवं. जावी रिवाजात बायकोने माहेराहून आणलेली मालमत्ता तिचीच राहते, आणि संसारात दोघांनी मिळवलेली दोघांची. पण अर्जावर एकच नाव लिहिलं तर प्रमाणपत्रावर तेच येतं. दोन नावं घालता येतात. मागितलं तरच घालतात.

कराचंही भय आहे. रीतसर खरेदीत घेणाऱ्याला ५ टक्के आणि विकणाऱ्याला अडीच टक्के पडतात. वारसाहक्काने आलेल्या जमिनीला मात्र सूट आहे. कायद्यातली किमान सूट ३० कोटींची. म्हणजे शून्यं मोजून घ्या: ३०,००,००,००० रुपिया, भारतीय सोळा लाखांच्या आसपास. वाडीतलं लहानसं परस सहसा त्याच्या आत बसतं, म्हणजे वारस म्हणून नोंद करायला तो कर लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेकजण घाबरून मागे राहतात.

आणखी एक भय मात्र खरं आहे. प्रमाणपत्र बँकेत तारण ठेवता येतं. गिरिकवर सहसा मोठं कर्ज मिळत नसे, त्यामुळे जमीन एका अर्थाने सुरक्षित होती. प्रमाणपत्र हातात आलं की मोटारसायकलसाठी, लग्नासाठी ते तारण जातं, आणि हप्ते थकले की लिलाव. मालकी पक्की झाली म्हणजे ती गमावण्याची वाटही पक्की झाली, हे मोहिमेच्या फलकांवर कुठे लिहिलेलं नसतं.

आणि प्रमाणपत्र म्हणजे अंतिम शब्दही नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला जकार्ताशेजारच्या तांगेरांगजवळ समुद्रात ३० किलोमीटर लांबीचं बांबूचं कुंपण उघडकीस आलं, आणि पाठोपाठ कळलं की कोहोद गावाच्या हद्दीत चक्क पाण्यावर २६३ बांधकाम-हक्काची आणि १७ पूर्ण मालकीची प्रमाणपत्रं निघालेली आहेत. गावपातळीवरच्या बनावट दाखल्यांचा गुन्हा दाखल झाला. पाण्यावरच्या भूखंडाला चारही बाजूंनी सही करणारा खरा शेजारी असूच शकत नाही. ती पायरी मनापासून पाळली असती तर हा प्रकार तिथेच अडला असता.

रात्री दहानंतर

आता राखणीकडे. एर-तेच्या तोंडाशी एक उघडी चौकी असते, ‘गार्दु’. बांबूचं किंवा विटांचं, वर कौलं, आत बसायला फळी, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता, कोपऱ्यात टांगलेला लाकडी ठोकळा. रात्री साधारण दहाच्या सुमाराला पाचसहा पुरुष जमतात. कॉफी असते, पत्ते असतात, बॅटरी असते. या पहाऱ्याला ‘रोंदा’ म्हणतात. प्रत्येक घरातून एक माणूस, आठवड्यातून एक रात्र. जो येत नाही त्याला दंड, किती ते बैठकीत ठरतं. ही बैठक कित्येक वाड्यांत दर ३५ दिवसांनी भरते, कारण जावी पंचांगात पाच दिवसांचा बाजार-आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा ३५ व्या दिवशी पुन्हा एकत्र येतात.

नुसतं चौकीत बसून राहिलं तर पहारा होत नाही. लोकांना फिरायला कसं लावायचं? याचं उत्तर जावी माणसाने शोधलं आहे ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक घराच्या दाराशी, खांबाला, एक छोटा डबा किंवा बांबूचं पेर टांगलेलं असतं. घरची बाई संध्याकाळी त्यात चिमूटभर तांदूळ टाकते. चिमटीत घेणं म्हणजे जावी भाषेत ‘जिम्पित’, म्हणून याचं नाव ‘जिम्पितान’. रात्री पहारेकरी दारोदार जाऊन ते तांदूळ पिशवीत ओततात. आता पुष्कळ ठिकाणी तांदळाऐवजी ५०० रुपियाचं नाणं असतं. मुष्टिफंड ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही: एकाच्या चिमटीने काही होत नाही, पण चाळीस घरं, तीस दिवस म्हटलं की मयताची मदत, गटाराची दुरुस्ती, चौकीचा बल्ब सुटतो.

पण डब्याचा खरा उपयोग पैशाचा नाही. डबा गोळा करायचा म्हटला की प्रत्येक दाराशी, अगदी टोकाच्या घराशीही, पाय न्यावाच लागतो. तिथे उभं राहिलं की मोटारसायकल आत घेतलीय का, कडी लागलीय का, गॅसचा वास येतोय का, हे आपोआप कळतं. आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा डबा दोन रात्री रिकामा दिसला, तर पहारेकरी दार वाजवतात.

टांगलेला ठोकळा म्हणजे ‘केंतोंगान’. फणसाच्या खोडाचा किंवा जाड बांबूचा, आतून पोखरलेला, उभी अरुंद फट ठेवलेला. फणसाचं लाकूड घट्ट असल्याने आवाज खणखणीत निघतो आणि खाचरांवरून दूर जातो. ठोक्यांची भाषा ठरलेली आहे, गावागणिक थोडी बदलते. प्रचलित पद्धत अशी: एकेक ठोका पुन्हा पुन्हा म्हणजे खून किंवा जिवावरचा प्रसंग. दोन-दोन म्हणजे घरात चोर. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे पूर किंवा अशीच आपत्ती. पाच-पाच म्हणजे गुरं चोरीला गेली. ‘दोरो मुलुक’, म्हणजे वर झेपावणारं कबुतर, हा ठोका सगळं ठीक असल्याचा. ऐकणाऱ्या चौकीने तोच ठोका जसाच्या तसा पुढे द्यायचा. चुकून तीनचे दोन झाले तर लोक बादल्यांऐवजी काठ्या घेऊन धावतात, म्हणून मुलांना केंतोंगानशी खेळू देत नाहीत.

‘ही शेजाऱ्यांवरची पाळत नाही का?’

आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वाडीच्या तोंडाशी फलक असतो: मुक्कामी पाहुण्याने २४ तासांच्या आत एर-तेला कळवावं. चोराला लपायला जागा मिळत नाही हे खरं, पण नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई, दुसऱ्या धर्माचं जोडपं, गावात भाड्याने आलेला विद्यार्थी यांनाही लपायला जागा उरत नाही. जपान्यांनी हे गट नजर ठेवायलाच घातले होते, तो गुण त्यांच्यात शिल्लक आहे.

त्याहून गंभीर म्हणजे जमावाचा न्याय. दोन-दोन ठोके पडले, संशयित सापडला, आणि पोलीस येईपर्यंत माणूस अर्धमेला झाला किंवा मेलाच, असे प्रसंग इंडोनेशियात पुन्हा पुन्हा घडतात. कधी पकडलेला माणूस चोरच नसतो. चांगल्या गटात यासाठी नियम आधीच ठरवलेला असतो: पकडायचं, चौकीत बसवायचं, दोघांनी कडेला उभं राहून कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि गावासाठी नेमलेल्या पोलीस हवालदाराला फोन करायचा. त्याचा नंबर तक्त्यावर मोठ्या अक्षरात हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये गृहमंत्रालयाने रात्रपहारे पुन्हा सुरू करायला सांगितलं, तेव्हा चौक्या रंगवून घेण्याइतकंच या नियमाकडे लक्ष जायला हवं होतं.

जमीनच हलली तर

चोर आणि आग यांच्या पलीकडचं संकट म्हणजे डोंगर आणि समुद्र. २०१० च्या मेरापी ज्वालामुखीच्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत छावणीतून गुरांना वैरण घालायला लोक परत वर जात राहिले. गाय ही त्या उतारावरच्या घराची बँक आहे, ती सोडून ये म्हणणं सोपं नाही. त्यानंतर मागेलांग जिल्ह्यात वरच्या प्रत्येक गावाला खालचं एक ‘बहीण गाव’ जोडून दिलं. कोणत्या गटाने कोणत्या सभागृहात जायचं हे आधीच ठरलेलं, आणि गुरांची सोयही त्या आखणीत धरलेली. उतारावरच्या घरांत गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावतात.

दाराजवळच्या पिशवीत कुटुंबपत्रिका, ओळखपत्रं, कराची पावती आणि जमिनीच्या कागदाची प्रत, दुहेरी प्लास्टिकमध्ये. आता प्रमाणपत्रं संगणकीय होऊ लागली आहेत, त्यामुळे मूळ कागद जळण्या-भिजण्याची धास्ती कमी होते. गिरिकवाल्याला मात्र ती सोय नाही.

२८ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात सुलावेसीतल्या जोनो ओगे गावात जमीन पाण्यासारखी वाहिली. घरं, झाडं, मक्याची शेतं उचलून दूर नेऊन ठेवल्यासारखी झाली. अशा ठिकाणी खुंट ८० सेंटिमीटर खोल असला तरी तो जमिनीबरोबरच जातो. उपग्रहावरून घेतलेले मोजणीचे आकडे असतील तरच मूळ जागा सांगता येते.

आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या आचेमध्ये माणसं आणि कागद, दोन्ही गेलं. दीड लाखाहून जास्त माणसं मेली, किनाऱ्यावरच्या वाड्या पुसल्या गेल्या, बांदा आचेच्या जमीन कार्यालयातल्या नोंदवह्या चिखलात भिजल्या. त्या वह्या कुजू नयेत म्हणून गोठवून जकार्ताला नेल्या. पण किनाऱ्यावरच्या बहुतेक जमिनीची त्यांत नोंदच नव्हती. २००५ पासून तिथे नोंदणीचं जे काम झालं ते उलट्या दिशेने झालं: आधी वाचलेले लोक आपापल्या वाडीच्या जागी गेले, उरलेले पाये, विहिरीचं कडं, नारळाचे बुंधे यांवरून जागा ओळखल्या, खुंट रोवले, कागदावर हाताने नकाशा काढला, शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या, आणि मग सरकारी मोजणीवाला आला. ज्या घरात एखादं लहान मूलच वाचलं होतं, तिथे त्याच्यासाठी पालक नेमायचं काम धार्मिक न्यायालयाकडे गेलं. त्याच्या परसाची चतुःसीमा सांगायला पूर्वेचा, पश्चिमेचा, जो कोणी उरला असेल तो शेजारी उभा राहिला.